मिसो म्हणजे घट्ट सोया सॉस नव्हे

‘मिसो म्हणजे सोया सॉसच, फक्त घट्ट.’ मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची जपानी पेस्ट, ऑनलाइन मागवून लातूर-परभणीच्या स्वयंपाकघरांत पोचायला लागल्यापासून हे वाक्य इतक्यांदा कानावर आलंय की आता नीट लिहायलाच हवं.

सॉसबद्दल फार सांगायची गरज नाही, चायनीजच्या गाड्यावरची काळी बाटली सगळ्यांच्या ओळखीची आहे. एवढंच लक्षात असू द्या की नेहमीच्या जपानी सॉसमध्ये सोयाबीनच्या जवळपास बरोबरीने गहू असतो. स्वस्त बाटल्यांत मात्र बऱ्याचदा काही आंबवलेलंच नसतं. आम्लाने प्रथिनं फोडून कॅरॅमलचा रंग दिलेला असतो.

गोंधळ होणं तसं साहजिक आहे, कारण दोन्हींची सुरुवात एकाच ठिकाणी होते. धान्यावर ॲस्परजिलस ओरायझे ही बुरशी वाढवतात, त्याला कोजी म्हणतात. कोजी, सोयाबीन आणि मीठ एकत्र मुरतं, बुरशीची विकरं प्रथिनं फोडतात आणि त्यातून ती तोंडात रेंगाळणारी चव तयार होते.

खरा फरक शेवटच्या पायरीत आहे. सॉस करताना मुरलेला लगदा कापडात दाबून रस काढतात, तो तापवतात आणि बाटलीत भरतात. चोथा बाजूला पडतो. मिसोमध्ये काहीच गाळत नाहीत. दाण्यातलं सगळं, प्रथिनं आणि तंतूसुद्धा, डब्यात येतं. पुरणाची डाळ शिजवून येळवणी काढतो, तसा सॉस म्हणजे येळवणी आणि मिसो म्हणजे डाळ. आमटीला येळवणी हवी असताना कुणी डाळीचा गोळा टाकत नाही.

म्हणून एकाच्या जागी दुसरा, तोही तेवढ्याच मापाने, घालू नका. सॉस पातळ आहे आणि आधीच तापवलेला आहे, तो धगधगत्या कढईत खुशाल ओता. मिसो उकळला की त्याचा सुगंध उडून जातो, आणि तो पाश्चराइज न केलेला असेल तर त्यातले चांगले जिवाणूही मरतात. मिसो कुकरमध्ये टाकून तीन शिट्ट्या काढलेलं मला अजिबात पाहवत नाही. गॅस बंद करा. पळीभर गरम वरण वाटीत घ्या, त्यात चमचाभर मिसो गुठळी राहणार नाही असा कालवा आणि मग पातेल्यात सोडा.

वरणात मीठ मात्र आधी घालू नका. प्रकारानुसार मिसोत साधारण ५ ते १३ टक्के मीठ असतं. पोह्याचा मोठा चमचा भरून घेतला तर साधारण एक ते दोन ग्रॅम मीठ पोटात जातं, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत राहायला सांगते. मिसो मिठाच्या ऐवजी वापरला तर गुणाचा. मिठावर आणखी वरून घातला तर रक्तदाबवाल्यांनी लांबच राहावं.

पांढरा की लाल, याचा बाऊ करू नका. पांढरा कमी दिवस मुरलेला, गोडसर. लाल जास्त मुरलेला, उग्र. जपानातल्या ओकाझाकी शहराचा हात्चो मिसो तर दोन वर्षांहून अधिक काळ लाकडी पिंपात दगडांखाली दाबून ठेवतात. माझ्या मते वरणाला आणि काकडीच्या कोशिंबिरीला पांढराच, वांग्याच्या भरताला लाल. शेंगदाण्याच्या कुटात कालवून भाकरीला लावला तर दोन्ही उत्तम. येसर आमटीत मात्र घालू नका, त्या मसाल्यापुढे मिसोची चव लागतच नाही.

मला मिसोचं एवढं अगत्य का, तर आपल्या शिवारातलं सोयाबीन बहुतेक तेलाच्या गिरणीत जातं आणि पेंड कोंबड्यांपुढे पडते. मिसोत अख्खा दाणा माणसाच्या ताटात येतो, तोही आंबून पचायला हलका होऊन.

शाकाहारी असाल तर पाकिटातलं तयार मिसो सूप घेऊ नका, त्यात बहुधा सुक्या माशाचा अर्क असतो. साधी पेस्ट घ्या. घटकांत सोयाबीन, तांदूळ किंवा जव आणि मीठ एवढंच असलं तर उत्तम. आपल्याकडच्या उन्हाळ्यात डबा फ्रिजमध्येच ठेवा. काही महिन्यांनी रंग गडद झाला तर टाकून देऊ नका, मुरताना तो तसा होतोच.