वजन, कड आणि सनाचा आकडा : दुर्मीळ ब्रिटिश नाण्यांच्या पारखीची पार्श्वभूमी

व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडमधल्या दुकानदाराच्या गल्ल्याजवळ पितळेचे एक छोटे उपकरण ठेवलेले असे. मधल्या आसावर डोलणारी एक पट्टी, तिच्या एका टोकाला पक्के वजन आणि दुसऱ्या टोकाला सॉव्हरिन या सोन्याच्या नाण्याच्या मापाची खोबण व त्याच्या जाडीएवढीच फट. नाणे फटीतून सरकले, खोबणीत नीट बसले आणि त्याच्या भाराने ते टोक खाली गेले, की दुकानदार ते निर्धास्तपणे गल्ल्यात टाकी. यामागचा हिशेब सोपा होता. सोने शिशापेक्षाही बरेच जड असते, त्यामुळे हलक्या धातूचे नाणे वजनात बसवायचे तर ते जाड करावे लागते आणि फटीत अडकते. जाडी बरोबर ठेवली तर वजन भरत नाही. आज लिलावात ज्या ब्रिटिश नाण्यांना मोठा भाव मिळतो, त्यांच्या परीक्षेत मात्र ही पट्टी जवळजवळ निरुपयोगी आहे. ती तशी का झाली, हे पाहिले म्हणजे या नाण्यांचा खरेपणा आणि त्यांची किंमत हे दोन प्रश्न एकमेकांत कसे गुंतले आहेत, ते उलगडते.

सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमधली बहुतेक नाणी हातोडीने पाडली जात. ती कधीच पुरती गोल नसत, त्यामुळे कडेची थोडी चांदी कातरून घेतली तरी चटकन कळत नसे, आणि कातरलेले नाणे घेणारा सराफ बट्टा कापल्याशिवाय राहत नसे. १६६२ पासून नाणी कायमची यंत्रावर पाडली जाऊ लागली. मोठ्या नाण्यांच्या कडेवर अक्षरे आणि लहान नाण्यांच्या कडेवर दाते आले. क्राउन या चांदीच्या मोठ्या नाण्याच्या कडेवरचे ‘डेकस एट टुटामेन’ हे लॅटिन शब्द ‘शोभा आणि संरक्षण’ असा अर्थ सांगतात, आणि तो अर्थ अक्षरशः खरा होता, कारण कड कातरली की अक्षरेच जात. तरीही जुनी, कातरलेली नाणी चलनात राहिलीच. अखेर १६९६ मध्ये ती परत घेऊन नव्याने पाडण्याचे प्रचंड काम सरकारने हाती घेतले. त्याच वर्षी आयझॅक न्यूटन टांकसाळीत वॉर्डन, म्हणजे वरिष्ठ अधिकारी, म्हणून रुजू झाला आणि खोटी नाणी पाडणाऱ्यांच्या मागे हात धुऊन लागला. त्याने स्वतः साक्षी जमवल्या आणि त्यातूनच विल्यम चॅलोनर हा नामांकित बनावटखोर १६९९ च्या मार्चमध्ये फासावर गेला. या काळातला प्रश्न एकच होता, तो म्हणजे नाण्यात धातू पुरेसा आहे की नाही.

१८१७ मध्ये आलेल्या सॉव्हरिनने या प्रश्नाला नेमके आकडे दिले. बावीस कॅरेट सोने, ७.९८८ ग्रॅम वजन, सुमारे २२ मिलिमीटर व्यास. १८७० च्या कायद्याने पूर्ण वजन १२३.२७४ ग्रेन (ग्रेन हे वजनाचे जुने, बारीक माप) ठरवले आणि १२२.५ ग्रेनच्या खाली झिजलेले नाणे कायदेशीर चलन राहणार नाही, असे जाहीर केले. म्हणजे दोघांतला फरक पाऊण ग्रेनच्या आसपास, इतकी ही व्यवस्था काटेकोर होती. तिला चकवणारे निघालेच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्लॅटिनम सोन्यापेक्षा स्वस्त होते, आणि ते सोन्याहून जड असल्यामुळे त्यात तांबे मिसळून वजन जुळवता येत असे. वरून सोन्याचा मुलामा दिला की पितळी पट्टीही फसे. ती खोटी नाणी आज संग्राहक हौसेने विकत घेतात, हा त्यातला गमतीचा भाग.

दुसऱ्या बाजूला धातूशी फारसा संबंध नसलेली किंमत हळूहळू आकार घेत होती. १६६३ मध्ये थॉमस सायमन या नक्षीकाराने दुसऱ्या चार्ल्स राजापुढे ठेवलेला ‘पिटिशन क्राउन’ हे तिचे उत्तम उदाहरण आहे. टांकसाळीचे काम आपल्याऐवजी रोटियर बंधू या दुसऱ्या नक्षीकारांकडे गेले, तेव्हा आपली कारागिरी त्यांच्या कारागिरीशी ताडून पाहावी, अशी विनंती सायमनने या नाण्याच्या कडेवर दोन बारीक ओळींत कोरली. अशी मोजकीच नाणी निघाली. त्यांतल्या चांदीचा भाव कोणी विचारत नाही. विचारतात ते हे नाणे आजवर कोणाकोणाकडे होते, एवढेच. १८९५ ते १८९७ दरम्यान नामवंत संग्राहक माँटेग्यू यांचा, १९०३-०४ मध्ये मरडॉक यांचा आणि १९५५ पासून काही वर्षे लॉकेट यांचा संग्रह लिलावात गेला, आणि त्या लिलावांच्या छापील याद्यांना नाण्यांच्या जन्मपत्रिकेचे मोल आले. हातोडीच्या नाण्याची कड, चीर आणि ठशाचा तिरपेपणा दुसऱ्या कोणत्याही नाण्याशी तंतोतंत जुळत नाही, म्हणून शंभर वर्षांपूर्वीच्या यादीतल्या छायाचित्राशी हातातले नाणे ताडून पाहणे हा आजही भरवशाचा पुरावा आहे. यंत्राच्या नाण्याला ही सोय तितकीशी नाही, कारण ती सगळी सारखीच असावीत हाच यंत्राचा हेतू होता.

खरी उलथापालथ झाली ती सोने चलनातून गेल्यावर. १९१४ मध्ये युद्ध सुरू होताच ब्रिटनमध्ये सॉव्हरिनची जागा कागदी नोटांनी घेतली. १९१७ मध्ये लंडनच्या टांकसाळीने दहा लाखांहून अधिक सॉव्हरिन पाडली, पण त्यांतली बहुतेक युद्धखर्चापोटी परदेशी गेली आणि वितळली, असे मानले जाते. त्यामुळे मोठ्या संख्येने पाडलेले हे नाणे आज दुर्मीळ आहे. किती नाणी पाडली, यापेक्षा किती उरली, हाच आकडा भाव ठरवतो. त्याच वर्षी सिडनी, मेलबर्न, पर्थ आणि ओटावा येथेही सॉव्हरिन पडत होती आणि त्यांवर त्या त्या टांकसाळीचे इंग्रजी अक्षर असे. ते अक्षर नाण्याच्या मागच्या बाजूवरील घोडेस्वार सेंट जॉर्जच्या चित्रात घोड्याखालच्या जमिनीच्या रेघेवर, सनाच्या बरोबर वर, राईच्या दाण्याहूनही लहान असते. लंडनच्या नाण्यावर अक्षर नाही. तेव्हा बाहेरच्या टांकसाळीच्या, सोन्याच्या भावात मिळणाऱ्या नाण्यावरचे अक्षर खरवडले, की कागदावर तरी त्याचे ‘१९१७ लंडन’ होते.

अशा नाण्याला तराजू काय करणार? ते हवेत तोला, मग दोऱ्याने पाण्यात टांगून तोला. बावीस कॅरेटला साजेशी साडेसतराच्या आसपासची घनता मिळेल. फरशीवर टाका, खणखणीत वाजेल. सोने खरे, नाणे टांकसाळीचे, वजन पुरे. खोटी आहे ती फक्त एक मिलिमीटरभर जागा. दहापट भिंगाखाली नाणे हळूहळू फिरवले, तर मूळ पृष्ठभागावरचा प्रकाश चाकाच्या आऱ्यांसारखा सरकतो आणि खरवडलेल्या ठिकाणी तो अडतो किंवा तेवढा ठिपका अवाजवी गुळगुळीत दिसतो. सगळी परीक्षा त्या ठिपक्यापाशी येऊन थांबते.

दुसऱ्या महायुद्धानंतर याहून विचित्र अवस्था आली. टांकसाळीत सॉव्हरिन पडणे जवळजवळ थांबले होते, पण ग्रीस आणि मध्यपूर्वेतल्या लोकांचा कागदी चलनापेक्षा या नाण्यावर विश्वास अधिक होता, त्यामुळे ते आतल्या सोन्याच्या भावापेक्षा बरेच महाग विकले जाई. मग आधी मिलानमध्ये आणि पुढे बैरुतमध्ये पुरेसे किंवा जवळजवळ पुरेसे सोने घालून खोटी सॉव्हरिन पाडणे परवडू लागले. एका प्रकरणात स्वित्झर्लंडच्या न्यायालयाने, सॉव्हरिन हे आता चलनात फिरणारे नाणे राहिलेले नाही, या आधारावर बनावटखोराला परत पाठवण्यास नकार दिला. ब्रिटिश टांकसाळीने १९५७ मध्ये सॉव्हरिन पुन्हा पाडायला सुरुवात केली, त्यामागचे एक कारण या खोट्या नाण्यांचा बाजार मोडणे हे होते. त्या काळातली अनेक नाणी अजून फिरतात. त्यांची अक्षरे बोथट असतात, कडेचे मणी असमान असतात आणि कधी एखाद्या टांकसाळीने ज्या वर्षी नाणे पाडलेच नाही, त्या वर्षाचा सन तिच्या अक्षरासोबत दिसतो. शेवटची चूक भिंगापेक्षा यादी उघडून लवकर सापडते.

चांदी आणि कांस्याच्या नाण्यांतही लबाडी किमतीच्या मागोमाग चालते. १९०५ चा हाफ क्राउन फक्त १,६६,००८ पाडला गेला, म्हणून त्याची नक्कल होते. शेजारच्या सामान्य सनांची करून कोणाला काय मिळणार? १९३३ ची पेनी तर दंतकथाच झाली आहे. त्या वर्षी बँकांकडे पेन्यांचा साठा भरपूर असल्याने नवीन पाडायची गरज नव्हती. इमारतींच्या पायाभरणीत आणि संग्रहालयांत ठेवण्यापुरत्या मोजक्याच पाडल्या गेल्या. लीड्समधल्या एका चर्चच्या कोनशिलेखालची पेनी १९७० मध्ये चोरीला गेली, तेव्हा रिपनच्या बिशपांनी दुसऱ्या चर्चखालची काढून विकायला सांगितले. १९३५ च्या पेनीतला शेवटचा ५ खरवडून ३ केलेले नमुने पुष्कळ आहेत. खऱ्या पेन्या कुठे आहेत हे बहुतांशी ठाऊक असल्यामुळे नव्याने ‘सापडलेल्या’ पेनीबाबत पहिला प्रश्न ती आली कुठून, हाच असतो.

योग्य भाव म्हणजे काय, याला छापील आधार आला तो १९२९ पासून, सीबी यांच्या लंडनच्या पेढीने प्रमाणित यादी काढायला सुरुवात केल्यावर. तिचे काम पुढे स्पिंक या लंडनच्याच नाण्यांच्या पेढीकडे गेले. यादीतला भाव हा पेढीचा विक्रीचा भाव, विकायला गेलेल्याच्या पदरात पडणारा नव्हे, हे मात्र नवख्याला उशिरा कळते. लिलावातही हातोडा पडतो त्या रकमेवर खरेदीदाराकडून जादा शुल्क घेण्याची पद्धत लंडनच्या मोठ्या लिलावगृहांनी १९७५ मध्ये सुरू केली. दोन लिलावांचे आकडे ताडताना ते धरले आहे की नाही, हे पाहावेच लागते. दर्जासाठी ब्रिटिश व्यापाऱ्यांचे ‘फाइन’, ‘व्हेरी फाइन’ असे ढोबळ शब्द पुरत असत. अमेरिकेत १९४९ मध्ये शेल्डन या नाण्यांच्या अभ्यासकाने दर्जा मोजणारी सत्तर गुणांची पट्टी आणली आणि १९८६-८७ च्या सुमारास नाणे तपासून, गुण देऊन, प्लॅस्टिकच्या बंद डबीत घालून देणाऱ्या कंपन्या निघाल्या. त्याने फसवणूक कमी झाली, पण एकेका गुणाला भाव आला आणि डब्यांचीही नक्कल होऊ लागली. आपल्याकडे जुने नाणे दिसले की चिंच लावून लख्ख करण्याची जी सवय आहे, ती चांदीच्या किंवा कांस्याच्या दुर्मीळ नाण्याला दोन मिनिटांत साध्या मोडीच्या पंगतीला बसवू शकते.

महाराष्ट्रात सॉव्हरिनला सर्रास ‘गिनी’ म्हणतात, जरी खरी गिनी हे त्याआधीचे वेगळे नाणे होते. १८९९ पासून सॉव्हरिन हिंदुस्थानात पंधरा रुपयांना कायदेशीर चलन होते, आणि १९१८ मध्ये तर मुंबईच्या टांकसाळीतच सुमारे तेरा लाख सॉव्हरिन पाडली गेली. त्यांवर सनाच्या वर ‘आय’ हे अक्षर आहे. सराफ अशी गिनी काट्यावर टाकतो आणि बावीस कॅरेटचा भाव लावतो, आणि त्याचे फारसे चुकत नाही, कारण मुंबईची नाणी पुष्कळ उरली आहेत. त्याच पेटीत १९१७ ची, अक्षर नसलेली गिनी निघाली, तर ती आधी खरवडलेली किंवा बनावट समजावी आणि काट्यावर जाण्यापूर्वी भिंगाखाली न्यावी.