संजय गांधी निराधारचा पगार: थांबला की रद्द झाला?

यावल असो की धडगाव, तहसीलच्या संजय गांधी शाखेच्या खिडकीवर एकच वाक्य ऐकू येतं: "साहेब, पगार बंद झाला." पगार म्हणजे संजय गांधी निराधार योजनेचं महिन्याचं अनुदान. खिडकीच्या आत मात्र त्याचे दोन अर्थ होतात. एकात नाव यादीत शाबूत असतं, पैसे कुठेतरी अडकलेले असतात. दुसऱ्यात नावच यादीतून उडालेलं असतं. पहिल्याला अपील लागत नाही, दुसऱ्याचं अपिलाशिवाय भागत नाही. लोक बरोबर उलटं करतात: थांबलेल्यासाठी कलेक्टरपर्यंत तक्रारी, आणि रद्द झालेल्यासाठी एजंटाच्या सांगण्यावरून नवीन अर्ज. दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५पासून महिना २५०० रुपये आहेत. चार महिने चुकीच्या दारात गेले की दहा हजारांचा प्रश्न होतो.

म्हणून शाखेत आधी दोनच गोष्टी विचारा: नाव आज पात्र यादीत आहे का, आणि शेवटचं पेमेंट कोणत्या महिन्याचं, ते जमा झालं की परत आलं?

नाव आहे आणि पेमेंट परत आलंय किंवा तुमच्या पासबुकात दिसत नाही, तर बहुतेक वेळा गोम आधारची असते. पैसे डीबीटीने (सरकारकडून थेट खात्यात) येतात, म्हणजे खाते क्रमांकावर नव्हे, तर आधारशी शेवटी जोडलेल्या बँकेत. "माझं आधार बँकेत लिंक आहे" एवढं पुरत नाही. केवायसीसाठी, म्हणजे ओळख पटवायला दिलेलं आधार वेगळं आणि डीबीटीसाठी केलेलं सीडिंग, म्हणजे पैसे याच बँकेत यावेत अशी आधारची जोडणी, वेगळी. नव्या योजनेसाठी दुसऱ्या बँकेत खातं उघडलं, तिथे डीबीटीच्या संमतीवर अंगठा दिला, की पगार गुपचूप तिकडे वळतो आणि जुनं पासबुक कोरं राहतं. आधारला जोडलेल्या मोबाइलवरून *९९*९९*१# डायल केलं किंवा माय आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस पाहिलं, की कोणती बँक चालू आहे ते कळतं. 'इनॲक्टिव्ह' दिसलं तर बँकेत सीडिंगचा फॉर्म पुन्हा भरायचा.

दुसरं कारण हयातीचं. दिवाळीनंतर सातपुड्यातली कितीतरी घरं ऊसतोडीला निघून जातात. तलाठी पडताळणीला आला आणि माणूस गावात नसला की हयात नोंदवली जात नाही. इथे लाभार्थ्याने स्वतः हजर राहून हयातीचा दाखला दिला की काम होतं. बोटं झिजलेली किंवा हातच नसल्याने अंगठा उमटत नसेल, तर डोळ्यांवरून किंवा चेहऱ्यावरून ओळख पटवायला सांगा. 'मशीन घेत नाही' हे नाकारण्याचं कारण होऊ शकत नाही. दुरुस्ती झाल्यावर अडकलेले महिने आपोआप येतील या भरवशावर राहू नका. "अमुक ते अमुक महिन्यांचं अनुदान मिळालेलं नाही" असा अर्ज देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या.

नाव उडालं असेल, तर खरी मेहनत आहे. आधी आदेशाची प्रत, लेखी कारणासह. तोंडी उत्तरावर अपील उभं राहत नाही. प्रत देत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, मुदत तीस दिवस, दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही. त्यातच पडताळणीचा पंचनामा आणि नोटीस बजावल्याचा पुरावाही मागा. नोटीसच मिळाली नसेल, तर तो अपिलातला पहिला मुद्दा.

पुढे अपील म्हणजे गरिबीचं गाऱ्हाणं नव्हे, आदेशातल्या कारणाला कागदाने दिलेलं उत्तर. कारण 'उत्पन्न जास्त' असेल तर कोणती मर्यादा लावली ते बघा. या योजनेत इतरांना वार्षिक २१,००० आहे, दिव्यांगांना ५०,०००. चाळीस हजारांच्या दाखल्यावर दिव्यांगाचं नाव कापलेलं असेल, तर चूक आदेशातच आहे. कारण 'गावात राहत नाही' हे असेल, तर खान्देशात त्यामागे बहुधा सुरत असतं. म्हातारा काही महिने लेकाकडे उधना-लिंबायतला असतो, कुणीतरी आधारवर तिथला पत्ता टाकून देतं आणि कागदावर माणूस गुजरातचा होतो. आधी आधारचा पत्ता गावचा करा, मग रेशनकार्ड, मतदार यादीचं पान आणि रहिवासी दाखला जोडा.

कारण दिव्यांगत्वाचं असेल तर जपून. प्रमाणपत्र तात्पुरतं होतं आणि मुदत संपली, तर ते अपिलाचं प्रकरण नाही. यूडीआयडी या दिव्यांग ओळखपत्राच्या पोर्टलवर नूतनीकरण करून नवी प्रत शाखेत द्यायची. पण फेरतपासणीत टक्केवारी ४०च्या खाली आली असेल, तर तहसीलदार काहीही करू शकत नाही. ते भांडण वैद्यकीय मंडळाशी आहे आणि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ५९खाली वेगळं अपील होतं. सोबत जुनं प्रमाणपत्र आणि उपचाराचे कागद लागतात. पासष्टी ओलांडल्यामुळे नाव गेलं असेल तर भांडू नका, श्रावणबाळ या वृद्धांच्या योजनेत वर्ग करून मागा.

अपील कुणाकडे आणि किती दिवसांत, हे आदेशाच्या शेवटी नसेल तर शाखेकडून लेखी घ्या. प्रांतांकडे (उपविभागीय अधिकाऱ्यांकडे) जायचं झालं तर यावल-रावेरवाल्यांना जळगाव गाठायची गरज नाही, त्यांचे प्रांत फैजपूरला बसतात. अपील चालू असताना नवीन अर्ज टाकू नका. नवी मंजुरी नव्या तारखेपासून धरली जाते आणि मधल्या महिन्यांवरचा दावा लंगडा पडतो.

राहिला लोकशाही दिन, म्हणजे अधिकाऱ्यांनी लोकांच्या तक्रारी ऐकण्याचा दिवस, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारचा. थांबलेल्या पैशांची तक्रार तिथे चालते, तीही पंधरा दिवस आधी अर्ज दिलेला असेल तर. अपिलाची प्रकरणं तिथे घेतच नाहीत. रद्दचा आदेश हातात घेऊन तिथे रांगेत उभं राहणाऱ्याची दुपार जाते आणि अपिलाची मुदत तिकडे सरत असते.