मागे ओढलेल्या हाताचे काम

हेइआन शोदान या कातामधली (काता म्हणजे एकट्याने करायचा ठरावीक हालचालींचा क्रम) पहिली हालचाल कराटे शिकणाऱ्या बहुतेकांना पाठ असते. डावीकडे वळताना डावी मूठ उजव्या कानाजवळ न्यायची, उजवा हात पुढे ताणायचा आणि मग डावा हात झटक्याने खाली आणताना उजवा कमरेशी खेचून घ्यायचा. खाली हात झाडण्याच्या या हालचालीला गेदान बाराई म्हणतात. तिचा अर्थ ‘पोटावर येणारी लाथ अडवणे’ असा सर्रास सांगितला जातो, पण शरीराच्या हिशेबात तो बसत नाही. माणसाचा एक पाय त्याच्या वजनाच्या साधारण १६ टक्के भरतो आणि अख्खा हात ५ टक्क्यांच्या आसपास. वेगाने येणाऱ्या पायापुढे मनगटालगतचे हाड आडवे घालणे म्हणजे दुखापत ओढवून घेणे होय. शिवाय डोळ्यांना धोका दिसल्यापासून हात हलू लागेपर्यंतच सुमारे ०.२ सेकंद जातात, मग आधी कानापर्यंत आणि नंतर खाली असा दुहेरी प्रवास करायला सवड कुठून मिळणार?

कमरेशी येणाऱ्या हाताला हिकिते म्हणतात. ‘एक हात मागे घेतला की दुसऱ्याचा जोर वाढतो’ हे त्याचे नेहमीचे स्पष्टीकरण तपासून पाहण्यासारखे आहे. धडाच्या दोन बाजूंना एक हात पुढे आणि दुसरा मागे जातो तेव्हा दोन्ही हात एकाच दिशेने फिरत असतात. त्याची प्रतिक्रिया धडाला उलट फिरवू पाहते आणि ती पायांना जमिनीच्या आधाराने पेलावी लागते. मुष्टियोद्धे तर मोकळा हात हनुवटीजवळ ठेवूनही जबरदस्त ठोसे मारतात.

तो हात रिकामा नाही असे मानले की चित्र पालटते. पुढे ताणलेल्या उजव्या हाताने समोरच्याचे उजवे मनगट धरले, ते पिळून कमरेशी ओढले आणि डाव्या हाताने त्याच्या कोपराच्या किंचित वर दाब दिला, तर त्याचा सरळ झालेला हात खांद्याला जोडलेल्या तरफेसारखा वागतो. कोपर त्या बाजूला वाकू शकत नसल्याने दाब थेट खांद्यावर पोहोचतो, धड पुढे झुकते, गुरुत्वमध्य पावलांच्या बाहेर जातो आणि माणूस तोल सावरण्यात अडकतो. शेवटी कंबर तिरकी होत असल्यामुळे ही ओढ एकट्या दंडाची राहत नाही, सगळे धड ओढते. वळण्याचा अर्थही असाच लागतो. कराटेचे जुने गुरू माबुनी केनवा यांच्या मते कातामधल्या दिशा म्हणजे चहूबाजूंनी आलेले शत्रू नव्हेत. समोरच्या एकाच माणसाशी कोणत्या कोनात उभे राहायचे, ते त्या दाखवतात.

अडवण्याचा अर्थ रूढ होण्यामागे शाळेतल्या शिक्षणाचा मोठा वाटा असावा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कराटे शिक्षक इतोसू आन्को यांनी जपानच्या ओकिनावा बेटावरच्या शाळांत कराटे नेले आणि मुलांसाठी पिनान काता बसवले. हेइआन हे याच कातांचे पुढचे नाव. वर्गभर मुलांकडून एका तालात करून घेण्याच्या कवायतीत पकड आणि सांध्यांवरचे डाव मागे पडणे साहजिक होते. ओकिनावाचेच कराटेपटू मोतोबू चोकी यांनी १९२६ मध्ये छापलेल्या छायाचित्रांत मात्र दोघे अगदी अंगालगत उभे आहेत आणि एक हात समोरच्याचा हात धरून किंवा दाबून ठेवताना दिसतो.

कोणता अर्थ मूळचा, याचा निवाडा आज करता येणार नाही, पण तो चालतो की नाही हे जोडीदाराबरोबर पाहता येते. मनगट न ओढता नुसता कोपरावर दाब दिला, तर जोडीदार हात वाकवून सहज निसटतो. ओढ कायम ठेवली, तर अगदी थोड्या दाबानेही तो वाकतो. म्हणून हा सराव सावकाश करावा आणि जोडीदाराने थांबण्याची खूण म्हणून हाताने थोपटताच त्याचा हात सोडावा.