खलनायकांच्या जोड्या (व्हिडिओ गेम)

व्हिडिओ गेममधल्या खलपात्राचे दुसऱ्या एखाद्या पात्राशी प्रेमाचे नाते कल्पायचे, त्यावर चित्रे काढायची, कथा लिहायच्या आणि त्या जोडीची बाजू घेऊन भांडायचे, असा हा चाहत्यांचा व्यवहार. समोरचे पात्र नायक असेल, नायिका असेल किंवा दुसरा खलनायकच असेल. इंग्रजीतून आलेला रूढ शब्द ‘शिप’. जहाजाशी त्याचा काही संबंध नाही, ‘रिलेशनशिप’चे शेपूट तेवढे उरले आहे. सोलापुरातली कॉलेजची मुले ‘मी ह्यांना शिप करते’ असे सरळ म्हणतात. शुद्ध मराठीत ‘जोडी लावणे’ हा शब्द आधीपासून आहेच. प्रश्नपत्रिकेतल्या ‘जोड्या लावा’ला गुण मिळतात, वर्गात एकमेकांच्या नावाने चिडवणे हा त्याचाच बिनगुणांचा प्रकार. चिडवण्यात जोडीतल्या दोघांना लाज आणायची असते. शिपमध्ये लाजायची पाळी शिप करणाऱ्यावर येते, विशेषतः वहीची मागची पाने घरच्यांच्या हाती लागली तर.

गप्प नायक, बोलका खलनायक

खलनायकच का, या प्रश्नाला ‘वाईट माणसाचे आकर्षण’ असे उत्तर देऊन विषय मिटवायची पद्धत आहे. सिनेमापुरते ते चालून जाईल. गेममध्ये मात्र कारण खेळाच्या बांधणीतच आहे. खेळणाऱ्याला त्याच्या जागी स्वतःला बसवता यावे म्हणून बऱ्याच खेळांत नायकाला मुद्दाम मुका ठेवतात. ‘झेल्डा’ मालिकेतला लिंक जवळजवळ बोलतच नाही, पोकेमॉन म्हणजे पकडून लढवायचे काल्पनिक प्राणी, त्यांच्या खेळात खेळणाऱ्याचे पात्र असलेल्या ट्रेनरचे संभाषण ‘हो’ आणि ‘नाही’वर भागते. मग बोलायचे काम उरते खलनायकाकडे. तो वाट अडवतो, चुका मोजतो, हरलात की टोमणे मारतो. वीस-तीस तासांच्या खेळात तुमच्याकडे इतके लक्ष दुसरे कोणी देत नाही. एक बाजू अखंड बोलतेय आणि दुसरी ऐकून घेतेय, अशा जागी गोष्ट रचायला भरपूर मोकळीक मिळते. चाहते ती घेतात.

याचा सर्वांत स्वच्छ नमुना म्हणजे ‘पोर्टल’ (२००७). यात शेल नावाची बाई एका प्रयोगशाळेत अडकली आहे आणि ग्लॅडोस नावाची यंत्रबुद्धी तिच्याकडून कोडी सोडवून घेते. शेल एक शब्द बोलत नाही. ग्लॅडोस केकचे आमिष दाखवते, खोटे बोलते, मारायलाही निघते. दुसऱ्या भागात (२०११) ग्लॅडोसची सत्ता व्हीटली नावाच्या बावळट यंत्राकडे जाते आणि ती स्वतः बटाट्याच्या बॅटरीवर येऊन पडते. शेल तो बटाटा आपल्या हातातल्या, भिंतींत वाटा उघडणाऱ्या यंत्राच्या टोकाला खुपसून बरोबर घेऊन फिरते. शेवटी, तुला मारणे फार अवघड आहे, असे कारण देऊन ग्लॅडोस तिला सोडून देते आणि निरोपाला बंदुकांचा ताफा इटालियन गाणे म्हणतो. एवढे झाल्यावर या दोघींची जोडी कोणी लावली नसती तर नवल. ‘हे प्रेम नव्हे, ही नुसती नोकरशाही आहे’ असा आक्षेप घेणारेही आहेत. तो अगदीच बिनबुडाचा नाही.

आकाशपाळण्यातला एन

सोलापूरकरांना लगेच पटते ती जोडी ‘पोकेमॉन ब्लॅक’ आणि ‘व्हाइट’ (२०१०) या खेळांतली. एन नावाचा हिरव्या केसांचा मुलगा वाटेत पुनःपुन्हा भेटतो. निम्बासा शहरातल्या उद्यानात तो खेळणाऱ्याला आकाशपाळण्यात बसवतो आणि पाळणा वर गेल्यावर सांगतो, की टीम प्लाझ्मा या खलटोळीचा राजा मीच. त्याला वाढवणारा गेट्सिस हा खरा दुष्ट आहे. एन बिचारा आपण पोकेमॉनना माणसांच्या तावडीतून सोडवतोय असे मनापासून मानतो. चाहत्यांनी एन आणि खेळातली नायिका यांच्या जोडीला या पाळण्यावरूनच ‘फेरिसव्हीलशिपिंग’ हे नाव दिले. पोकेमॉनच्या चाहत्यांत प्रत्येक जोडीच्या नावाला असे ‘शिपिंग’ जोडण्याची रीतच आहे.

जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या वेळी होम मैदानावर गड्डा भरतो, त्यात उंच पाळणे लागतात. पाळणा भरेपर्यंत चालक एकेक डबा खाली घेत राहतो आणि आधी बसलेले वरच लोंबकळत राहतात. खाली ‘मौत का कुआँ’तल्या मोटरसायकलींचा आवाज, वर वारा, समोर बसलेल्याखेरीज बघायला कोणी नाही. कबुलीजबाबाला याहून सोयीची जागा सोलापुरात नाही. म्हणून सोलापूरच्या एखाद्या मुलीने एनला थंडीच्या कुडकुड्यात सोलापुरी चादर पांघरून गड्ड्याच्या पाळण्यात बसवले, तर तिला चित्राखाली एका ओळीचीही टीप द्यावी लागत नाही.

दोन्ही खलनायकच

दोन खलपात्रांची एकमेकांशी लावलेली जोडी हा वेगळा प्रकार आणि प्रस्तुत लेखकाच्या मते अधिक मजेचा, कारण इथे कोणी कोणाला सुधारायला निघालेले नसते. ‘पोकेमॉन रुबी’ आणि ‘सफायर’ (२००२) यांमध्ये मॅक्सी हा टीम मॅग्माचा म्होरक्या, त्याला जमीन वाढवायची आहे. टीम अ‍ॅक्वाच्या आर्चीला समुद्र वाढवायचा आहे. दोघांचे वैर हाडाचे, वेड मात्र एकाच जातीचे. त्यांच्या जोडीला ‘हार्डनशिपिंग’ म्हणतात. ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते तिथे आर्चीला सहानुभूती जास्त मिळावी हे ओघानेच आले, जरी समुद्राचे पाणी प्यायच्या कामाचे नसले तरी.

‘बाल्डर्स गेट ३’ने (२०२३) यात एक पायरी वाढवली. त्यात ‘डार्क अर्ज’ हे पात्र निवडले तर खेळणारा स्वतःच जुना खुनी निघतो, फक्त स्मृती गेलेली असते. गॉर्टॅश हा सत्तापिपासू खलनायक त्याचा जुना साथीदार. दोघांचे पूर्वीचे दिवस खेळात अर्धेमुर्धेच कळतात, उरलेले अर्धे चाहत्यांनी लिहून काढले.

इतर प्रसिद्ध उदाहरणे थोडक्यात. ‘फायनल फँटसी ७’मधला (१९९७) खलनायक सेफिरॉथ आणि त्याचा पाठलाग करणारा नायक क्लाउड ही यातली जुनी जोडी. ‘रेझिडेंट ईव्हिल व्हिलेज’ (२०२१) विक्रीला येण्याआधीच त्यातल्या लेडी दिमित्रेस्कू या अवाढव्य खलनायिकेवर जग भाळले आणि तिची उंची किती यावर इतकी चर्चा झाली, की टोपी आणि टाचा धरून २.९ मीटर, असे निर्मात्यांनाच जाहीर करावे लागले. ‘मारिओ’च्या खेळांत १९८५ पासून राजकन्या पळवणारा बाउझर तर सप्टेंबर २०१८ मध्ये वेगळ्याच रूपात गाजला. टोडेट या पात्राला राजकन्या पीचसारखे रूप देणारा मुकुट निन्टेन्डोने एका नव्या खेळासाठी दाखवला होता. पीचने मारिओ आणि बाउझर दोघांनाही नाकारले आहे आणि तोच मुकुट घालून बाउझर मारिओची जोडीदारीण झाला आहे, अशी छोटी चित्रकथा मलेशियातल्या एका चित्रकाराने काढली. ‘बाउझेट’ हे नाव पडले आणि काही दिवसांत जगभर तिची चित्रे निघू लागली. प्रत्यक्ष खेळात तो मुकुट टोडेटखेरीज कोणाला घालता येत नाही. ती बाब कोणीच मनावर घेतली नाही.

पूर्वपीठिका

चाहत्यांनी जोड्या लावण्याची छापील परंपरा अमेरिकेत १९७० च्या दशकात ‘स्टार ट्रेक’ या टीव्ही मालिकेच्या हौशी पत्रिकांमधून रुजली. त्यातल्या किर्क आणि स्पॉक या पात्रांच्या नावांमधल्या तिरप्या रेषेवरून पुरुष-पुरुष जोडीच्या कथांना ‘स्लॅश’ हे नाव मिळाले. ‘शिप’ हा शब्द १९९० च्या दशकात ‘एक्स-फाइल्स’ या टीव्ही मालिकेच्या चाहत्यांकडून आला. जपानमध्ये हौशी चित्रकथांची बाजारपेठ ‘कोमिकेट’ १९७५ पासून भरते. तिथे नावांमध्ये रेषेऐवजी फुली असते आणि कोणाचे नाव आधी यावरून नात्यात पुढाकार कोणाचा हे ठरते. २००९ मध्ये सुरू झालेल्या ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या चाहत्यांच्या कथांच्या संकेतस्थळाला विज्ञानकथांसाठी दिला जाणारा २०१९ चा ह्यूगो पुरस्कार मिळाला.

शत्रुपक्षातल्या माणसाशी मन जोडण्याची कल्पना मराठीला नवी नाही. शाहीर विठ्ठल उमपांनी गाजवलेल्या ‘जांभूळ आख्यान’ात तुटलेले जांभूळ पुन्हा झाडाला लागावे म्हणून प्रत्येकाला मनातले खरे सांगावे लागते आणि द्रौपदीच्या तोंडून कर्णाचे नाव निघते. व्यासांच्या गोष्टीतली एक मोकळी जागा पाहून लोकपरंपरेने तिथे जोडी लावली, ती गायली आणि पिढ्यान्‌पिढ्या ऐकली. पोरीबाळींच्या वहीतल्या मॅक्सी-आर्चीला नाक मुरडणाऱ्यांनी हे आख्यान एकदा ऐकावे.

सोलापुरातली भाषा

मोबाइलवरच्या मारामारीच्या खेळांत खलनायकाला फारसे स्थान नसते आणि कन्सोल महाग. त्यामुळे यातली अनेक पात्रे इथल्या मुलांना भेटतात ती दुसऱ्या कोणी खेळलेल्या खेळाच्या व्हिडिओतून. न खेळता शिप करणारा हा वर्ग मोठा आहे आणि खेळलेल्यांपेक्षा तो संवाद जास्त बारकाईने ऐकतो.

लिहिताना मात्र अडचण येते. शहराच्या पूर्व भागातल्या मुलीच्या घरी तेलुगू, शाळेत मराठी, मैत्रिणींत कधी कन्नड, आणि प्रेमकथा इंग्रजीत. ती मराठीत लिहायला घेतली की पहिल्याच संवादाला पेन थांबते: एन नायिकेला ‘तू’ म्हणेल की ‘तुम्ही’? इंग्रजीत हा प्रश्नच येत नाही. मराठीत तो टाळता येत नाही, पण एकदा सोडवला की निम्मी कथा आपोआप लिहून होते. शत्रू ‘तुम्ही’वरून ‘तू’वर आला की वाचणाऱ्याला कळते, प्रेमाची कबुली लिहावी लागत नाही. ग्लॅडोसला ‘आपण’ शोभते, रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेसारखे: ‘आपण पुन्हा अपयशी ठरला आहात, असुविधेबद्दल खेद आहे.’ बटाटा झाल्यावर ती पहिल्यांदा ‘अगं’ म्हणते, अशी कल्पना करून पाहावी.

सोलापुरी ‘बे’ हे तर वेगळेच हत्यार. ‘काय बे’मध्ये भांडणही मावते आणि जिव्हाळाही, कोणते ते आवाजावर ठरते आणि कागदाला आवाज नसतो. आर्चीने ‘काय बे मॅक्सी, लई शहाणा झालास’ म्हणणे सगळ्यांना मान्य आहे. चष्मा सावरत बोलणाऱ्या मॅक्सीच्या तोंडी ‘बे’ घालावा की नाही यावर एकमत नाही. एक गट म्हणतो तो शेवटपर्यंत ‘आपण’च म्हणेल. दुसऱ्याच्या मते अख्ख्या कथेत एकदाच, तोही अगदी शेवटी, ‘जाऊ दे बे’.

वाद

सर्वांत कडवा वाद छळाविषयीचा. पळवून नेणारा, खोटे बोलणारा, मारणारा माणूस प्रियकर म्हणून रंगवणे म्हणजे छळाला गोड करणे, असे एक बाजू म्हणते. दुसरी म्हणते, कथेतले विष कथेतच राहते. पहिल्यांना ‘अँटी’ आणि दुसऱ्यांना ‘प्रोशिप’ म्हणतात. दोन्हीकडे भाषा लवकर खालावते. व्यवहारात तोडगा निघाला तो लेबलांचा: हिंसा, बळजबरी, मृत्यू यांची सूचना कथेच्या माथ्यावर द्यायची, प्रेमाच्या जोडीला तिरपी रेष वापरायची आणि नुसत्या मैत्रीला ‘आणि’चे चिन्ह (&). पात्राचे वय लहान असेल तर मात्र लेबल लावून प्रश्न सुटत नाही, तिथे नकारच योग्य.

कायद्याने ही पात्रे कंपन्यांचीच. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्यात रूपांतराचा हक्क मालकाकडे आहे, खासगी वापर, टीका आणि समीक्षा यांना कलम ५२ खाली सवलत मिळते. वहीतल्या चित्राकडे कोणी पाहत नाही. तेच चित्र टी-शर्टवर छापून विकायला काढले की गोष्ट बदलते.