विकास आराखड्यावरील मतदान (मुंबई)

कोणत्या भूखंडावर शाळा, कुठे मैदान, कुठून रस्ता, हे मुंबईत विकास आराखडा ठरवतो. या आराखड्याला आणि त्यातल्या फेरबदलांना महानगरपालिकेच्या सभागृहाची संमती लागते, मात्र सभागृहाचा शब्द अखेरचा नसतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार अंतिम मंजुरी राज्य सरकार देते.

आराखडा सभागृहात येण्याआधी प्रारूप प्रसिद्ध होते, नागरिकांच्या हरकती-सूचना मागवल्या जातात आणि नियोजन समिती त्यावर सुनावणी घेते. समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य व राज्य सरकारने नेमलेले कमाल चार तज्ज्ञ असतात. त्यानंतर नगरसेवक उपसूचना, म्हणजे प्रस्तावात दुरुस्त्या, मांडतात. २२७ निवडून आलेल्या नगरसेवकांना मताधिकार आहे, नामनिर्देशितांना नाही. निर्णय बहुमताने होतो. समसमान मते पडल्यास महापौरांचे निर्णायक मत. आयुक्त चर्चेत बोलू शकतात, मत देऊ शकत नाहीत.

२०३४ पर्यंतच्या आराखड्याचे पहिले प्रारूप फेब्रुवारी २०१५ मध्ये आले. त्यातल्या चुकांवर आणि काही स्थानकांलगत सुचवलेल्या आठपर्यंतच्या चटई क्षेत्र निर्देशांकावर (एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल ते प्रमाण) इतका रोष उसळला, की एप्रिलमध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी ते नव्याने करायला लावले. सुधारित प्रारूप २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले, २०१७ मध्ये सभागृहाने उपसूचनांसह ते मंजूर केले आणि मे २०१८ मध्ये राज्याची मोहोर उमटली. आपल्या गल्लीतले मैदान नकाशावरून गायब झालेले पाहून सामान्य माणसे पालिकेच्या दारात धावली, ही या शहराच्या नियोजनातली मोठी घटना मानायला हवी.

मंजूर आराखड्यातले एखादे आरक्षण, म्हणजे सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलेली जागा, उठवायचे वा बदलायचे असेल तर याच अधिनियमाच्या कलम ३७ खाली सभागृहाचा ठराव, हरकती आणि पुन्हा राज्याची मंजुरी, असा प्रवास असतो. जमीनमालकाने कलम १२७ खाली बजावलेली खरेदी सूचना, म्हणजे 'ही राखीव जागा आता विकत घ्या' अशी नोटीस, आधी पालिकेच्या सुधार समितीत येते. दहा वर्षांत संपादन न झालेल्या जागेसाठी ती देता येते. सूचनेनंतरच्या मुदतीत पालिकेने पावले न उचलल्यास आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. म्हणून समितीत प्रस्ताव रेंगाळणे हाही एक प्रकारचा निर्णयच ठरतो.

एकेका इमारतीला मिळणारी सवलत मात्र मतदानाला येतच नाही. जागा अपुरी असल्याने सामासिक अंतर (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा) कमी करावे, अशा अडचणींसाठी विकास नियमावलीने आयुक्तांना विशेषाधिकार दिले आहेत. १९९१ च्या नियमावलीत हा नियम ६४ होता, २०३४ च्या नियमावलीत तो ६ आहे. सवलतीने सुरक्षितता व आरोग्याला बाधा येता कामा नये आणि सहसा चटई क्षेत्र वाढवता येत नाही. लोकांच्या रोजच्या जगण्याशी इतका निकट संबंध असलेले हे निर्णय फाइलवर होतात, सभागृहात त्यांची चर्चा होत नाही. ही उणीव गंभीर आहे.

सर्वांत मोठा धडा गिरणगावाचा. १९९१ च्या नियम ५८ प्रमाणे गिरण्यांची जमीन ढोबळमानाने पालिका, म्हाडा व मालक अशी तिघांत वाटली जायची. २००१ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून वाटणी फक्त आधीपासून बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीपुरती ठेवली. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये या बदलाला आव्हान देणाऱ्या नागरिकांच्या बाजूने निकाल दिला, सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये राज्याचा बदल ग्राह्य धरला. मैदाने आणि गिरणी कामगारांची घरे यांसाठी मिळू शकणारी जमीन त्यामुळे आटली.

७ मार्च २०२२ ला सभागृहाची मुदत संपली. पुढे निवडणूक होईपर्यंत आयुक्तच प्रशासक होते, म्हणजे प्रस्ताव मांडणारे आणि मंजूर करणारे एकच.