वाडी सापडते, खोली शोधावी लागते

गिरगावात नवखा पाहुणा पत्ता घेऊन वाडीपर्यंत येतो, चाळही त्याला सापडते. खोली मात्र जिन्यात उभं राहून, आतले आवाज ऐकत शोधावी लागते. पार्किन्सनच्या रुग्णाच्या मेंदूत इलेक्ट्रोड, म्हणजे विद्युतप्रवाह सोडणारी तार, बसवणाऱ्या सर्जनचंही काहीसं असंच होतं.

त्याला गाठायचा असतो सबथॅलॅमिक न्यूक्लियस: भिंगाच्या आकाराचा पेशींचा पुंजका, लांबीला जेमतेम सेंटिमीटरभर. तार सव्वा मिलिमीटर जाड. ती दोन मिलिमीटर बाहेरच्या बाजूला गेली, तर विद्युतप्रवाहाने जीभ जड होते, चेहरा ओढला जातो. मागे सरकली तर अंगाला मुंग्या येतात.

१९४७ मध्ये फिलाडेल्फियात स्पीगल आणि वायसिस या डॉक्टरांनी माणसाच्या डोक्याला चौकट बसवून मेंदूतला बिंदू मोजमापाने गाठला, तेव्हा हाताशी एक्स-रेच होते. आज एमआरआयमध्ये पुंजका दिसतो, पण त्या चित्रात थोडी वेडीवाकडी ओढ असते. सीटी स्कॅनचं माप पक्कं, पण मऊ पेशींतला भेद त्यात पुसट. म्हणून संगणकावर दोन्ही एकमेकांवर बसवतात.

खरी गोची पुढे आहे. नकाशा बंद कवटीचा असतो. कवटीला छिद्र पडलं की मेंदूभोवतीचा द्रव झिरपतो, हवा शिरते आणि मेंदू किंचित खाली बसतो. पत्ता तोच, पण इमारतच हलली! त्यामुळे छिद्र डोक्याच्या सर्वांत उंच भागी येईल असं डोकं ठेवतात आणि द्रव कमीत कमी वाहू देतात.

मग कानोसा. केसासारख्या बारीक इलेक्ट्रोडने पेशींचे विद्युतसंकेत टिपून स्पीकरवर सोडतात. वाटेतला तंतूंचा भाग बराचसा शांत असतो. पुंजक्यात शिरताच पत्र्यावर पाऊस कोसळावा तसा गोंगाट सुरू होतो. आणखी खाली, सबस्टान्शिया नायग्रा या शेजारच्या पुंजक्यात, तो अधिक नियमित ठेक्यात टकटकतो.

मेंदूला स्वतःची वेदना नसते, म्हणून अनेकदा रुग्णाला जागं ठेवतात. प्रवाह सोडून ‘मूठ उघडा, मिटा’ म्हणतात. मनगटाचा ताठरपणा सैलावला का, ते डॉक्टर हाताने बघतात. जीभ जड होते का, हे कळायला बोलायला लावतात. मराठी आजोबांना बे चा पाढा म्हणायला सांगितला, तर एखादी चूक चटकन कळेल, असं मला वाटतं.

आताच्या काही तारांवर संपर्कपट्ट्यांचे तुकडे असतात. प्रवाह एकाच बाजूला वळवता येतो आणि मिलिमीटरभराची चूक बऱ्यापैकी सावरते. तीन मिलिमीटर चुकलं असेल, तर मात्र बहुधा तार काढून पुन्हा बसवावी लागते.