‘इकडेच या’ म्हणणारे शेजारी: अमेरिकेच्या निवडणुका आणि कॅनडाचं दार

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री अमेरिकेतल्या मतमोजणीचा कल डोनाल्ड ट्रम्प यांच्याकडे झुकू लागला आणि तिकडे कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याचं संकेतस्थळ बंद पडलं. एकाच वेळी इतके लोक त्यावर आले की ते उघडेचना. ही बातमी जगभर हसत हसत सांगितली गेली. त्याच वर्षी फेब्रुवारीत नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या केप ब्रेटन बेटावरच्या एका रेडिओ निवेदकाने ‘ट्रम्प जिंकले तर आमच्या बेटावर या’ असं जाहीर आमंत्रण देऊन ठेवलं होतं. सुरुवात गमतीत झाली, पण अमेरिकेतून घरांच्या किमतींची, नोकऱ्यांची अगदी गंभीर चौकशी सुरू झाली. बेटाला माणसं हवीच होती. कोळशाच्या खाणी आणि पोलादाचा कारखाना २००१ पर्यंत बंद झाले होते आणि तरुण पोरं पोटासाठी पश्चिमेकडे निघून गेली होती.

अमेरिकनांची लाट काही आली नाही. पुढच्या सात-आठ वर्षांत बेटावर खरोखर गर्दी केली ती भारतीय विद्यार्थ्यांनी. केप ब्रेटन विद्यापीठात स्थानिक मुलांपेक्षा परदेशी मुलं जास्त झाली आणि भाड्याच्या खोल्या मिळेनाशा झाल्या. आमंत्रण एकाला, पंगतीला दुसराच.

अमेरिकेत निवडणूक चुरशीची झाली की सीमेच्या उत्तरेकडून असे निरोप जातातच. २००४ मध्ये जॉर्ज बुश पुन्हा निवडून आले तेव्हा गेले, २०१६ ला गेले, २०२४ लाही गेले. न्यू जर्सीतल्या मित्राला टोरंटोजवळच्या मिसिसागातल्या मराठी घरातून ‘बेसमेंट रिकामंच आहे, या’ असं सांगायला काही लागत नाही, आणि ते सांगणं खोटंही नसतं. प्रश्न पुढचा आहे. मित्र छप्पर देतो, जेवू घालतो. तिथे राहण्याचा हक्क त्याच्या हातात नसतो. या सीमेचा अडीचशे वर्षांचा इतिहास पाहिला तर मित्राचा उपयोग कधी झाला आणि कधी झाला नाही, हे बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं.

पहिली मोठी लाट अमेरिकेच्या स्वातंत्र्याचीच. १७८३ मध्ये युद्ध संपलं तेव्हा ब्रिटिश राजाशी एकनिष्ठ राहिलेले हजारो लोक उत्तरेकडे आले. त्यांच्या गर्दीमुळे १७८४ मध्ये न्यू ब्रन्सविक ही वेगळी वसाहतच काढावी लागली. त्यांच्यात सुमारे तीन हजार कृष्णवर्णीय होते. ब्रिटिशांच्या बाजूने आल्यास स्वातंत्र्य आणि जमीन असं वचन त्यांना मिळालेलं होतं. स्वातंत्र्य मिळालं, जमीन उशिरा, निकृष्ट किंवा मिळालीच नाही. १७९२ मध्ये त्यांच्यापैकी बाराशेच्या आसपास लोक हॅलिफॅक्सहून जहाजांत बसून आफ्रिकेतल्या सिएरा लिओनला निघून गेले. पुढे १८५० च्या अमेरिकी कायद्याने पळालेल्या गुलामांना उत्तरेकडच्या राज्यांतूनही पकडून परत नेण्याची मुभा मिळाली, तेव्हा कॅनडा हाच शेवटचा टप्पा उरला. गुलामांना सोडवून आणणारी हॅरिएट टबमन ही स्वतः त्या काळात काही वर्षं ऑन्टारियोतल्या सेंट कॅथरिन्सला राहत होती.

मैत्रीच्या मर्यादा कळायच्या असतील तर मात्र १८७७ ची गोष्ट पाहावी. आदल्या वर्षी लिटल बिगहॉर्नच्या लढाईत अमेरिकी सैन्याचा पराभव झाला होता आणि आता सैन्य सूड घ्यायला मागे लागलं होतं. ती लढाई जिंकलेल्या लाकोटा या मूळनिवासी लोकांचा नेता सिटिंग बुल आपल्या लोकांना घेऊन सीमा ओलांडून आजच्या सस्कॅचवानमध्ये आला. तिथल्या घोडेस्वार पोलिसांचा अधिकारी जेम्स वॉल्श त्याला भेटायला गेला, कायदा समजावून सांगितला, आणि दोघांची खरी मैत्री जमली. वॉल्श त्याच्या बाजूने वरिष्ठांशी बोलत राहिला. पण ओटावातल्या सरकारला हे पाहुणे नको होते. त्यांना राखीव जमीन नाही, शिधाही नाही. रानरेडे संपत आले, उपासमार सुरू झाली. पाहुण्यांशी जास्तच सलगी करतो म्हणून १८८० मध्ये वॉल्शची बदली झाली. १८८१ च्या जुलैत सिटिंग बुलने परत जाऊन शरणागती पत्करली. वॉल्शने कुठे कसूर केली असं मला तरी वाटत नाही. त्याच्या हातात जे होतं ते त्याने दिलं.

मित्रांची मदत खऱ्या अर्थाने फळाला आली ती व्हिएतनाम युद्धाच्या वेळी, आणि ती का आली याचं कारण भावनिक नव्हतं. १ ऑक्टोबर १९६७ पासून कॅनडाने इमिग्रेशनसाठी गुणपद्धत आणली. शंभरपैकी पन्नास गुण मिळाले की पास. शिक्षणाला जास्तीत जास्त वीस, भाषेला दहा, वयाला दहा, आणि हातात नोकरीचं पत्र असेल तर आणखी दहा. सक्तीची सैन्यभरती टाळू पाहणारा विशीतला, कॉलेजात गेलेला, इंग्रजी बोलणारा अमेरिकन मुलगा चाळीस गुणांपर्यंत सहज पोचायचा. उरलेले दहा गुण टोरंटोतला कुणी दुकानदार किंवा प्राध्यापक एका पत्राने देऊ शकायचा. टोरंटो, मॉन्ट्रियल, व्हँकुव्हर इथे मदतगट उभे राहिले. या मुलांना घरात ठेवून घ्यायला तयार असलेल्या कुटुंबांच्या याद्या त्यांनी केल्या, नोकऱ्या शोधल्या, अर्ज कसा भरायचा याच्या पुस्तिका छापल्या. अर्ज सीमेच्या नाक्यावरही करता यायचा. म्हणून आधीच शहरात येऊन राहिलेल्या मुलांना गाडीत घालून पुन्हा अमेरिकेत नेत, आणि कागद हातात देऊन नाक्यावर नव्याने उभं करत.

भरती टाळणाऱ्यांना हे जमत होतं; सैन्यातून पळालेल्यांना नाक्यावरचे अधिकारी परत पाठवत. फेब्रुवारी १९६९ मध्ये यॉर्क विद्यापीठाच्या पाच विद्यार्थ्यांनी एकाच पळून आलेल्या सैनिकाच्या नावाने, त्याच्याच कागदपत्रांसह, वेगवेगळ्या नाक्यांवर प्रवेश मागितला. गुण पुरेसे असूनही पाचही जणांना नकार मिळाला. वर्तमानपत्रांत गाजावाजा झाला, आणि २२ मे १९६९ रोजी इमिग्रेशन मंत्री अॅलन मॅकेकन यांनी जाहीर केलं की यापुढे कुणाची लष्करी नोकरी विचारात घेतली जाणार नाही. मॅकेकन केप ब्रेटनचेच.

कायद्याच्या भाषेत या मुलांपैकी कुणीही निर्वासित नव्हतं. ते साधे स्थलांतरित होते. जगाचा निर्वासितविषयक करार कॅनडाने स्वीकारला तोच मुळी जून १९६९ मध्ये. आश्रय म्हणून आपण ज्याची आठवण काढतो, ती प्रत्यक्षात सुशिक्षित मनुष्यबळाची आयात होती, आणि सरकारलाही ते पक्कं ठाऊक होतं. शहरनियोजनावर लिहिणाऱ्या जेन जेकब्ज १९६८ मध्ये भरतीच्या वयाच्या मुलांना घेऊन टोरंटोला आल्या आणि शहर मधोमध चिरणाऱ्या स्पडायना द्रुतगती मार्गाविरुद्धच्या लढ्यात उतरल्या. १९७१ मध्ये तो मार्ग रद्द झाला. १९७४ या एका वर्षात २६,००० हून अधिक अमेरिकन कॅनडात स्थायिक झाले. १९७६ च्या निवडणुकीत जिमी कार्टर यांनी माफीचं आश्वासन दिलं होतं, ते २१ जानेवारी १९७७ ला पाळलं. तरीही बरेच जण परतले नाहीत; तोवर त्यांचं बिऱ्हाड तिथलं झालं होतं.

दाराची ही फट मात्र आधीच बुजू लागली होती. १९७२ च्या अखेरीस देशात येऊन मग अर्ज करण्याची सोय काढून घेतली गेली. फरक किती पडला ते इराक युद्धात दिसलं. जेरेमी हिंझमन हा अमेरिकी सैनिक २००४ च्या जानेवारीत बायको आणि मुलाला घेऊन टोरंटोला आला. या वेळीही मदतगट होते, घरं होती, सहानुभूती तर भरपूर होती. पण स्थलांतरित म्हणून यायची वाट आता अशी सोपी नव्हती, म्हणून त्याने निर्वासित म्हणून अर्ज केला. २००५ मध्ये तो फेटाळला गेला आणि २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाही नकार दिला. जून २००८ मध्ये संसदेने अशा सैनिकांना राहू द्यावं असा ठराव केला, पण तो सरकारवर बंधनकारक नव्हता. पुढच्याच महिन्यात रॉबिन लाँग या दुसऱ्या सैनिकाला परत पाठवण्यात आलं.

अमेरिकी नागरिकाला आज कॅनडात व्हिसा लागत नाही. पाहुणा म्हणून साधारण सहा महिने राहता येतं. बेसमेंटचं आमंत्रण तेवढ्यापुरतं पुरतं. काम करता येत नाही, सरकारी आरोग्यसेवा नाही. निर्वासित म्हणून अर्ज केला तर स्वतःच्या देशात छळ होतो आणि तिथली न्यायालयं संरक्षण देऊ शकत नाहीत हे सिद्ध करावं लागतं. निवडणुकीच्या निकालाची भीती त्यात बसत नाही, आणि अमेरिकनांचे असे अर्ज जवळजवळ सगळे फेटाळले जातात. कॅनडात पाच नागरिकांनी मिळून एखाद्या निर्वासिताची जबाबदारी घेण्याची एक सुंदर सोय आहे. नागरिकांनी खासगीरीत्या जबाबदारी घेण्याच्या याच वाटेने १९७९-८० मध्ये इंडोचायनातून आलेल्या साठ हजारांपैकी निम्म्याहून अधिक लोक आले. पण त्यासाठी तो माणूस आधी आपल्या देशाबाहेर असावा लागतो. ओहायोत बसलेल्या मित्रासाठी ही वाट बंदच. शिवाय पाच जणांच्या गटांचे नवे अर्ज घेणं नोव्हेंबर २०२४ मध्ये थांबवण्यात आलं.

अमेरिकेत राहणाऱ्या पण तिथले नागरिक नसलेल्यांची गोष्ट आणखी वेगळी. २०१७ मध्ये अमेरिकेत राहू देणारं तात्पुरतं संरक्षण जाणार या भीतीने हैतीचे हजारो लोक क्यूबेकच्या रॉक्सहॅम रोडवरून चालत आले, इतके की मॉन्ट्रियलच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये खाटा टाकाव्या लागल्या. अधिकृत नाका टाळून ते त्या आडरस्त्याने का आले, तर २००४ पासून लागू असलेल्या कॅनडा-अमेरिका करारानुसार नाक्यावर अर्ज केला की अमेरिकेत परत पाठवतात. मार्च २०२३ मध्ये तो करार संपूर्ण सीमेला लागू झाला. त्यात एक सवलत आहे ती नातेवाइकांची. आई-वडील, भावंडं, आजी-आजोबा, काका-मामा, आत्या-मावशी, पुतणे-भाचे यांपैकी कुणी कॅनडात रीतसर राहत असेल तर अर्ज ऐकला जातो. चुलतभाऊ, मावसभाऊ त्या यादीत नाहीत. मित्र तर नाहीतच.

मराठी माणसाचा या सगळ्याशी थेट संबंध येतो तो एच-१बी व्हिसामुळे. अमेरिकेत वर्षानुवर्षं ग्रीन कार्डाच्या रांगेत असलेल्यांना निवडणुकीच्या निकालाचा धसका नागरिकांपेक्षा जास्त असतो, कारण नोकरी गेली की साठ दिवसांत दुसरी शोधायची किंवा देश सोडायचा. १६ जुलै २०२३ रोजी कॅनडाने अशा व्हिसाधारकांसाठीच्या दहा हजार खुल्या कामाच्या परवान्यांचे अर्ज घ्यायला सुरुवात केली. दुसऱ्याच दिवशी कोटा संपला. त्यानंतर वारं फिरलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये, म्हणजे अमेरिकेच्या मतदानाच्या तोंडावरच, ओटावाने २०२५ साठी ठरलेला पाच लाख नव्या रहिवाशांचा आकडा ३,९५,००० वर आणला. घरभाडी परवडेनाशी झाली होती आणि कॅनडातही निवडणूक जवळ येत होती. तरी काहींसाठी दार आपणहून उघडलं. येल विद्यापीठातले तीन नामवंत प्राध्यापक टोरंटोला गेले, आणि मार्च २०२५ मध्ये ब्रिटिश कोलंबियाने अमेरिकी डॉक्टर-नर्सना लवकर परवाना मिळावा म्हणून नियम सोपे करायला घेतले. त्या प्रांतात लाखो लोकांना स्वतःचा फॅमिली डॉक्टर मिळत नव्हता.